सिमेंटचा पत्रा आणि चाळीस वर्षांची नोंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासद व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी फोनवर विषय एका दमात सांगितला. "डॉक्टरसाहेब, पार्किंगवरचे सिमेंटचे पत्रे यंदा काढाचे ठरवले. अर्धे सभासद म्हणतात त्यानं कॅन्सर होते, अर्धे म्हणतात काही होत नाही न बाप्पा. तुम्हीच येऊन सांगा." मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे, तेव्हा सांगतो. दोन्ही अर्ध्यांचं थोडं थोडं बरोबर आहे.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो त्यात सिमेंटबरोबर दहा टक्क्यांच्या आसपास असबेस्टॉस असतं. असबेस्टॉस म्हणजे खनिजच, पण कापसासारखे तंतू सुटणारं. जळत नाही, सडत नाही, स्वस्त पडतं. म्हणून पत्र्यात, पाइपात, ब्रेकच्या लायनरमध्ये, बॉयलरच्या वेष्टणात, सगळीकडे ते गेलं. पत्र्यात हे तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेले असतात. डोक्यावर शांत पडलेला, न फुटलेला पत्रा फारसं काही करत नाही. तो कापला, त्याला ड्रिल मारलं, हातोड्याने फोडला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत येतात आणि श्वासाबरोबर आत जातात. आत गेलेल्या तंतूंपैकी बरेचसे फुफ्फुसात अडकून राहतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत.

त्यातून तीन मोठे आजार होतात. पहिला असबेस्टॉसिस, म्हणजे फुफ्फुस आतून कडक होत जाणं. दुसरा फुफ्फुसाचा कॅन्सर. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या बाहेरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर. हा तिसरा क्वचित होतो, पण झाला की त्यामागे बहुतेक वेळा असबेस्टॉसच असतं. आणि तो यायला वीस, तीस, चाळीस, कधी पन्नास वर्षं लागतात. विशीत ज्या शेडमध्ये काम केलं त्याचा हिशेब साठीत, सत्तरीत समोर येतो. तोवर शेड बंद पडलेली असते, मालक बदललेले असतात, आणि माणूसही विसरलेला असतो.

जगाला हे कळलं कसं? इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथे टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली केर्शॉ ही बाई असबेस्टॉसचा धागा कातायची. १९२४ साली, तेहतिसाव्या वर्षी ती गेली. तिच्या फुफ्फुसात हे तंतू सापडले आणि त्याच वर्षी एका डॉक्टरने ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. कंपनीने जबाबदारी नाकारली. हीच कंपनी टर्नर अँड न्यूअल या मोठ्या समूहाचा भाग होती, आणि या समूहाची हिंदुस्थान फेरोडो ही कंपनी आपल्या मुंबईत, घाटकोपरला ब्रेकचे लायनर आणि असबेस्टॉसचा माल बनवायची. म्हणजे रॉचडेलची गोष्ट लालबहादूर शास्त्री मार्गापर्यंत आली.

मुंबईतल्याच एका असबेस्टॉस गिरणीतल्या कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. १८१ कामगार तपासले, त्यातल्या ४१ जणांना असबेस्टॉसिस निघाला. म्हणजे पाचातल्या एकापेक्षा जास्त. या तपासणीत कोणतंही महागडं यंत्र नव्हतं. कामाची हकिगत विचारली, छाती तपासली, एक्स-रे काढला, फुंकायला लावून फुफ्फुसाची क्षमता मोजली. रोग छातीत बसलेलाच होता. कुणीतरी रांगेने बसवून विचारायला हवं होतं.

आता लवकर निदानाकडे येतो, कारण पेपरात दर सहा महिन्यांनी बातमी येते की रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर कळणार. मेसोथेलिओमासाठी असे शोध खरंच चालू आहेत. रक्तात मेसोथेलिन नावाचं प्रथिन वाढतं, ते मोजतात. २०१२ साली फिब्युलिन-३ या दुसऱ्या प्रथिनाचा मोठा गाजावाजा झाला. श्वासातल्या वायूंवरून ओळखण्याचे प्रयोग आहेत. पण आजच्या घडीला यातली कोणतीही तपासणी धडधाकट माणसांवर सरसकट करावी अशी नाही. कारण साधं गणित आहे. समजा, हजार जुन्या कामगारांत एकाला हा रोग आहे आणि आपली तपासणी निरोगी माणसाला शंभरात पाच वेळा चुकून रोगी ठरवते. म्हणजे एका खऱ्या रोग्यामागे पन्नास निरोगी माणसं घाबरून छातीत सुया टोचून घेणार. शिवाय हा रोग गाठीसारखा एका जागी वाढत नाही, साईसारखा आवरणावर पसरतो. त्यामुळे सीटी स्कॅनलाही सुरुवातीला चकवतो.

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं तसं नाही. २०११ साली अमेरिकेतल्या त्रेपन्न हजार लोकांच्या अभ्यासाचा निकाल आला. वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेल्यांचा दरवर्षी कमी किरणांचा सीटी केला, तर साध्या एक्स-रेच्या तुलनेत त्या कॅन्सरचे मृत्यू वीस टक्क्यांनी घटले. म्हणून ज्याने असबेस्टॉसमध्ये काम केलं आणि धूम्रपानही केलं, त्याने या सीटीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावं. या दोन गोष्टी एकत्र फार वाईट. अमेरिकेतल्या जुन्या कामगारांच्या अभ्यासात नुसत्या असबेस्टॉसने फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका पाचपट झाला, नुसत्या सिगारेटने अकरापट, आणि दोन्ही मिळून पन्नासपटीच्या वर गेला. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते असं कुणी इथे म्हणणार असेल तर त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावं. खर्रा हा वेगळा विषय आहे, त्यासाठी पुन्हा बोलवा.

तर मग लवकर निदानाचं खरं साधन कोणतं? तुमच्या कामाची हकिगत. रिद्धपूरच्या माणसांना हे मी काय सांगावं! म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या माणसा-माणसाला गाठून, विचारून. आम्हा डॉक्टरांचं कामही तेच, फक्त आम्ही घाईत असतो. म्हणून तुम्हीच सांगा. पारस किंवा कोराडीसारख्या औष्णिक केंद्रात जुन्या काळी बॉयलरवर, वाफेच्या पाइपांवर काम केलंय का? रेल्वेत होतात का? आपली शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावायची, आणि वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरभोवती असबेस्टॉस गुंडाळण्याची पद्धत होती. गॅरेजमध्ये ब्रेकचे लायनर घासून हवेने फुंकायचात का? पत्रे कापायचा धंदा केलात का? आणि घरातल्या बायांनो, तुम्ही त्या माणसाचे कपडे झटकून धूत होता का? हे मी उगाच विचारत नाही. लंडनमधल्या ७६ मेसोथेलिओमा रुग्णांचा अभ्यास १९६५ साली आला. त्यातले ३१ असबेस्टॉसच्या कामातले होते, आणि ९ जणांनी ते काम कधी केलंच नव्हतं. त्यांच्या घरात कुणीतरी करत होतं, बस.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सांगितलं की असबेस्टॉस कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर जपायची. रोगाला जेवढा वेळ लागतो तेवढी नोंद. मला हा निकाल डॉक्टरी पुस्तकासारखा वाटतो. पण कंपनीच्या कपाटातल्या नोंदीवर विसंबू नका. नोकरीचं नाव, जागा, साल, काम, एका कागदावर लिहून औषधांच्या फाइलमध्ये लावा. नुकसानभरपाईची वेळ आलीच तर हाच कागद लागतो.

एक गोष्ट जरा सावकाश ऐका. आपल्याकडे छातीत पाणी झालं की पहिला विचार टीबीचा येतो, आणि बहुतेकदा तो बरोबर असतो. पण माणूस साठीचा आहे, कामाची हकिगत वर सांगितली तशी आहे, टीबीचा पुरावा मिळत नाही, आणि पाणी काढलं तरी पुन्हा पुन्हा भरतंय, तर सहा महिने गोळ्या खात वाट पाहू नका. या रोगात नुसतं पाणी तपासून पुष्कळदा काही निघत नाही. दुर्बीण आत घालून आवरणाचा तुकडा घ्यावा लागतो, त्याला थोरॅकोस्कोपी म्हणतात. त्या तुकड्यावर खास रंग लावून पाहतात. मोठ्या केंद्रांत, नागपूरला किंवा मुंबईत टाटाला, ही सोय आहे. "साहेब, तुकडा तपासायचा का?" एवढं विचारायला लाजू नका.

उपचारांत फरक पडला आहे, पण चमत्कार झालेला नाही. २००३ साली दोन औषधांची केमोथेरपी आली, तिने निम्मे रुग्ण नऊऐवजी बारा महिन्यांपर्यंत पोचले. मग इम्युनोथेरपी. २०२० साली तिच्या जोड-औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या चाचणीत केमोवर निम्मे रुग्ण १४ महिन्यांपर्यंत होते, इम्युनोथेरपीवर १८. आणि तीन वर्षांनी शंभरातले २३ हयात होते, केमोवरचे १५. मोठ्या शस्त्रक्रियेवर माझ्या पिढीच्या डॉक्टरांचा फार भरवसा होता. ब्रिटनच्या चाचणीने तो हलवला. ज्यांची शस्त्रक्रिया करून केमो दिली ते निम्मे १९ महिन्यांपर्यंत जगले, ज्यांना फक्त केमो दिली ते जवळपास २५ महिने. म्हणून कुणी लगेच ऑपरेशनची तारीख दिली, तर आधी दुसरं मत घ्या.

खर्चाचं बोलायलाच हवं. इम्युनोथेरपी लाखांच्या घरात जाते, शेत विकायची वेळ येते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२२ साली तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये दाखवलं की नेहमीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी औषध केमोबरोबर देऊन एका वर्षाने हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे मेसोथेलिओमात सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे ते गृहीत धरू नका. पण आपल्या खिशाला परवडेल अशा प्रश्नावर आपल्याच राज्यात संशोधन झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता पार्किंगचे पत्रे. काढायचे तर फोडून काढू नका. आधी पाण्याचा फवारा मारून ओले करा. जे-हुकाचे नट सोडवा, पत्रा अख्खा उचला, दोरीने खाली घ्या, वरून टाकू नका. मजुरांना तोंडाला रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा चांगला मास्क सोसायटीने आणून द्या, कपडेही त्यांनी इथेच बदलावेत. खाली सांडलेलं कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुठे न्यायचे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती कार्यालयात आधी विचारून घ्या. गोठ्यावर टाकायला फुकटात देऊ नका. तिथे ते पुन्हा कापले जातील, पुन्हा फुटतील. आणि काढणं यंदा जमत नसेल तर निदान त्यावर चढू नका, ड्रिल मारू नका.

चिठ्ठीवर एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या आईने वीस वर्षं अशाच पत्र्याच्या स्वयंपाकघरात काम केलं, तर तिचा सीटी करावा का? त्रास काही नसेल तर नाही. नुसतं पत्र्याखाली राहण्याचा धोका कामगाराच्या मानाने फारच थोडा. पण त्या वीस वर्षांतली किती वर्षं चूल होती, ते मला आधी सांगा. दम लागत असेल, खोकला जात नसेल, तर पहिल्यांदा फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी करू. दहा मिनिटांचं काम आहे.