दमा आणि पेशींची दारं

आम्ही वाकडच्या बचत गटातल्या मैत्रिणी बोलतोय. आजचा विषय दमा. आमच्याकडे एका अंगाला मुंबई-बंगळूर महामार्ग, दुसऱ्या अंगाला हिंजवडीची रहदारी आणि मधे बांधकामांची धूळ. त्यामुळे हा आजार आम्हाला नवा नाही. तुमच्या गावातही कुणाच्या तरी घरी रात्री शिट्टीसारखा श्वास वाजत असेलच. भारतात दम्याचे जवळजवळ साडेतीन कोटी रुग्ण आहेत.

दम्याचा पंप दिला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘पंपाची सवय लागते’ आणि ‘मुलीच्या हातात पंप दिसला तर स्थळ यायचं नाही’. म्हणून पंप कपाटात लपतो आणि मुलगी रात्रभर उशीला टेकून बसून राहते. हे थांबवायचं तर छातीत नेमकं काय होतं ते समजून घ्यायला हवं.

लाल मिरची फोडणीत जळली की शेजारचं घरसुद्धा खोकतं. हा ठसका लागतो कसा? आपल्या मज्जातंतूंवर अगदी बारीक दारं असतात. मिरचीतला तिखट पदार्थ लागला की ती उघडतात, क्षारांचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि मेंदूला इशारा जातो. या दारांना शास्त्रात आयन चॅनल म्हणतात. मिरचीने उघडणारं दार डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली शोधलं. त्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

ठसका कुणालाही लागतो, तो म्हणजे दमा नव्हे. पण अशीच दुसरी दारं आपल्या राखणदार पेशींवर असतात. जंतूंशी लढणाऱ्या या पेशी आहेत. त्यातल्या मास्ट पेशी श्वासनळीच्या अस्तरात बसलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनसारख्या रसायनांच्या पिशव्या भरलेल्या असतात. ज्याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे, त्याच्या या पेशी साध्या धुळीलाच चोर समजतात.

मग काय होतं पाहा. पेशीच्या आत कॅल्शियमचा छोटा साठा असतो, घरातल्या रांजणासारखा. धूळ लागली की रांजण रिकामा होऊ लागतो. त्याच्यावर नजर ठेवणारा एक प्रथिनाचा रेणू आहे, स्टिम. तो पेशीच्या भिंतीतल्या ओराय नावाच्या दाराला उघडायला लावतो. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असतं, त्यामुळे ते वेगाने आत येतं. हाच हुकूम समजून पेशी पिशव्या रिकाम्या करते. श्वासनळीचे स्नायू आवळतात, अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. इतर पेशींना बोलावून सूज टिकवून धरणाऱ्या टी पेशीसुद्धा याच दारावर चालतात.

ओराय दार २००६ साली सापडलं, तेही जन्मापासून जंतुसंसर्गाने बेजार झालेल्या मुलांच्या अभ्यासातून. त्यांच्यात हे दार बिघडलेलं होतं, म्हणून त्यांच्या पेशी लढूच शकत नव्हत्या. म्हणजे दार कायमचं बंद करूनही चालत नाही. ते फक्त फुफ्फुसात आणि बेतानं आवरता येईल का, यावर संशोधन चालू आहे. असं औषध अजून आपल्या दवाखान्यात आलेलं नाही.

पण आज आहे ते औषध चांगलं आहे. पंप दोन कामांचे असतात. एक लगेच आराम देणारा: तो आवळलेले स्नायू सैल करतो, पण सूज तशीच राहते. दुसरा स्टेरॉइडचा: तो सूज वाढवणाऱ्या रसायनांची निर्मिती कमी करतो. त्याला काही दिवस-आठवडे लागतात, म्हणून बरं वाटत असलं तरी तो सांगितल्याप्रमाणे रोज घ्यायचा. काही पंपांत दोन्ही औषधं एकत्र असतात. पंपाने व्यसन लागत नाही. औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून गोळीपेक्षा फार कमी लागतं. घेतल्यावर चूळ मात्र भरायची. आरामाचा पंप वरचेवर लागत असेल, तर सूज आटोक्यात नाही असं समजा आणि डॉक्टरांना सांगा.

आता घरातलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की डासांच्या एका कॉइलमधून निघणारे बारीक धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात. मच्छरदाणी बरी. चुलीचा धूर कोंडू देऊ नका. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, अंथरुणं उन्हात टाका.

आणि कारखान्यातलं. आमच्या भागातली बरीच माणसं भोसरी-चाकणला कामाला जातात. मोटारींच्या काही रंगांत आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांनी धडधाकट माणसालाही दमा जडू शकतो. सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी आणि कामावर गेलं की भरते, असं होत असेल तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप नक्की सांगा. विमा योजनेचं कार्ड असेल तर तिथे दाखवा.

श्वासामुळे एक वाक्यसुद्धा पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. आरामाचा पंप द्या, बसतं ठेवा, १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकमेकींना एवढंच विचारा: कुणाच्या घरी पंप कपाटात लपलाय? तो बाहेर काढू या. चष्मा लावणाऱ्या मुलीला आपण लपवत नाही, मग पंप घेणारीला का लपवायचं?