माहेरची घरं बघताना

आपल्या केंद्रावर मागच्या वेळी कंपोस्ट खताबद्दल ऐकलंत. आज खत नाही, बी-बियाणं नाही. आज सहलीची गोष्ट सांगणार आहे, पण ती ऐकून झाल्यावर गटाच्या बैठकीत बोलायलाही काही मिळेल.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच जणं निघालो. मी, आमचे हे, दोन मुली आणि माझी आई. आईचं वय चौऱ्याहत्तर. देवदर्शनाला जाऊ म्हणाले तर आईच म्हणाली, देव खूप झाले, मला माझं माहेर बघायचंय. तिचं गाव खंडाळा तालुक्यात, नीरेच्या बाजूला. मुली म्हणाल्या, मग वाटेत सावित्रीबाईंचं नायगाव पण करू, आणि परत येताना पुण्यात फुले वाडा. अशी ही माहेरांचीच सहल ठरली म्हणा ना.

नायगाव शिरवळजवळ, महामार्गापासून थोडं आत. ३ जानेवारीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात मात्र निवांत. खंडोजी नेवसे पाटलांचं घर, १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या ते, आता स्मारक म्हणून जपलंय. जुन्या पद्धतीची बांधणी आहे. आईनं चप्पल काढली आणि प्रत्येक खोलीत जाऊन आधी भिंतीला हात लावून बघितला. मला वाटतं, घर बघायची आपल्या बायकांची हीच रीत आहे. भिंत पोपडे धरते का, पाणी कुठून मुरतं, चुलीचा धूर कुठं जातो, हे आधी बघायचं.

धाकटीला पाटीवरच्या माहितीचा कंटाळा आला, म्हणून तिला मी एक गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते. सावित्रीबाईंचं लग्न १८४० मध्ये झालं आणि पुढं १८४८ पासून पुण्यात शाळा सुरू झाल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पण १८५६ मध्ये त्या आजारी पडल्या आणि विश्रांतीला इथं, नायगावला, माहेरी आल्या. इथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी भावाशी झालेला वाद लिहिलाय. भाऊ म्हणाला, तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी जे करता त्यानं कुळाला बट्टा लागतो. त्यावर त्यांनी त्याला सरळ विचारलं की गाई-शेळ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ कसा होतो तुला? आई तिथंच होती, सगळं ऐकत होती. आजारी लेक, भावाच्या घरी, भावाच्या अन्नावर, आणि तरी गप्प बसली नाही. शाळा काढण्याइतकंच हे अवघड, असं माझं मत आहे. माहेरी तोंड उघडणं काय असतं ते आपल्यालाच माहीत.

तिथून आईच्या गावी गेलो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात मामेभाऊ आणि वहिनी. आईचं जुनं जातं अंगणात पालथं पडलेलं, त्यावर पाण्याची बादली. आई त्यावर बसली आणि कुठं काय होतं ते मुलींना सांगत सुटली. इथं उखळ, इथं म्हशी, या खांबाला धरून मी चालायला शिकले. माळवदाचा एक कोपरा खाली आलाय. घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलंय.

जेवणं झाली आणि वहिनींनी आईची ओटी भरली, साडी दिली. साडीच्या पाठोपाठ मामेभावानं कागद आणला. म्हणाला, "आत्ती, घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. तेवढी सही दे, म्हणजे काम पुढं सरकंल."

आईला वाचता येत नाही. तिनं कागद माझ्या थोरलीकडं दिला. पोरगी नववीत आहे, तिनं खड्या आवाजात वाचला. हक्कसोडपत्र. स्वखुशीनं, कोणाच्या दबावाशिवाय, कायमचा हक्क सोडत आहे. आईनं विचारलं, "आणि मला काय?" पोरगी म्हणाली, "आजी, मोबदला काही नाही असं लिहिलंय."

सगळे गप्प. आई म्हणाली, "अरे, वाटा हवा म्हणायचं का नको म्हणायचं, ते मी घरी जाऊन ठरवीन. कागदाची एक झेरॉक्स दे." साडी तिनं ठेवून घेतली. ती बरोबरच आहे, साडी मानाची असते.

मैत्रिणींनो, आता कायद्याचं थोडं, कारण पुष्कळ जणींना हे विचारायचं असतं. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या नावच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. पण राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती, भावांनी वाटणी केली तरच. ती अट २००५ च्या दुरुस्तीनं गेली. त्याच दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानंच हिस्सेदार झाली. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असायला हवेत का, यावर वाद होता. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तशी गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उघडता येत नाहीत. मुस्लिम बहिणींचा वारसा वेगळ्या कायद्यानं चालतो. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं, आणि एकदा नोंदवलं की मागं घेणं फार कठीण. म्हणून सही करायची तरी वाचून करा, नाही करायची तरी वाचून नका करू. हक्क सोडणं हाही बाईचा हक्क आहे, फक्त तो साडीच्या घडीत गुंडाळून घेतला जाऊ नये.

पुण्यात फुले वाड्यात दुसऱ्या दिवशी गेलो. गंज पेठेतलं हे घर गर्दीत लपलेलं आहे, विचारत जावं लागतं. १८६८ मध्ये जोतिरावांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो इथलाच. मागं त्यांची समाधी, वर तुळशी वृंदावन. याच जोडप्यानं फसलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय स्वतःच्या घरात केली होती. आई बराच वेळ ओसरीवर बसून होती. भिडे वाडा, जिथं मुलींची शाळा भरली, तो मुलींना दाखवता आला नाही. २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला, तिथं स्मारक व्हायचंय.

आईनं अजून सही केलेली नाही. तिचं म्हणणं मामेभावाला कळवलंय: घर बांध, पण एक खोली माझ्या नावे लाव, मी असेपर्यंत. तो सध्या फोन करत नाही. वहिनी करतात, तो शेतात गेल्यावर. परवा म्हणाल्या, आत्ती, जातं आत आणून ठेवलंय, पाडापाडीत फुटलं असतं.