शिफ्टआधीची दाढी



चाकणला किंवा भोसरीला फर्स्ट शिफ्टला जाणारा माणूस पहाटे कंपनीची बस गाठायच्या घाईत असतो. त्या घाईत सगळ्यात आधी काटछाट होते ती दाढीच्या वेळेत. चेहऱ्याला पाणी लावलं, थोडा फेस, चार जोरकस हात, की झालं. आज याच घाईबद्दल बोलायचं आहे, कारण तुमच्यापैकी अनेकांसाठी दाढी हा दिसण्यापेक्षा सुरक्षेचा विषय आहे.

पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्याच्या तोंडावर रबरी कडेचा मास्क असतो. ती कड गालाला आणि हनुवटीला घट्ट बसली, तरच हवा फिल्टरमधून गाळून येते. मध्ये दाढीचे खुंट आले की फट पडते आणि थिनरची वाफ त्या फटीतून सरळ आत जाते. म्हणूनच अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा नियमांत, अशा मास्कची कड जिथे टेकते तिथे दाढीचे केस नसावेत, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. ज्यांना धर्मामुळे किंवा त्वचेच्या त्रासामुळे दाढी राखावी लागते, त्यांच्यासाठी पंख्याने गाळलेली हवा पुरवणारा सैल हूड मिळतो. तो कंपनीकडे मागावा, संकोच करू नये.

आता दाढी नीट कशी करायची? मशीन शॉपमधल्या माणसाला हे चटकन पटेल. टूलला धार हवी, कोन बरोबर हवा, कूलंट भरपूर हवं आणि फीड बेताचा हवा. बोथट टूल जोराने रेटलं तर जॉब खराब होतो, हे तुम्ही रोज पाहता. चेहऱ्यालाही हेच चार नियम लागू आहेत.

कोरडा केस ताठ असतो. पाणी शोषलं की तो मऊ होतो आणि कापायला जोर लागत नाही. म्हणून दाढी आंघोळीनंतर करा, नाहीतर कोमट पाण्यात भिजवलेला पंचा दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांचा साबण नीट फेसत नाही. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि फेसाऐवजी चिकट साका उरतो. तिथे दाढीपुरतं तांब्याभर पिण्याचं पाणी वापरा. ब्रश गोल फिरवून फेस केसांच्या मुळापर्यंत पोचवा.

किंग कँप जिलेट यांना १९०४ साली पेटंट मिळालेल्या सेफ्टी रेझरचं दुधारी पातं आजही आपल्या किराणा दुकानात काही रुपयांत मिळतं. पातं ओढू लागलं की बदला. रेझर त्वचेशी साधारण ३० अंशांत धरा आणि दाबू नका, त्याचं वजन पुरेसं असतं. आधी बोटं फिरवून केसांचा कल पाहा. मानेवर तो जागोजागी बदलतो. पहिला हात कलाच्या दिशेने मारा. आणखी सफाई हवी असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात मारा. कलाच्या उलट हात मारला की केस फार खोल कापला जातो, वाढताना तो कातडीत वळतो आणि पुळी येते. तिच्यात जंतू शिरले की केसतोड होतो, आणि त्याच जागेवर मास्कची कड दिवसभर घासत राहते.

दाढीतली छोटी जखमही क्षुल्लक समजू नका. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या कबरीच्या शोधाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन यांना डास चावला, ती जागा दाढी करताना कापली गेली आणि चिघळली. ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत ते वारले. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. पुढे आपल्याच पिंपरीत, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं. औषध हाताशी आलं, म्हणून पात्याबाबत निष्काळजीपणा परवडतो असं मात्र नाही.

कॉट बेसिसच्या खोल्यांत राहणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे. साबण, बादली वाटून घ्या, पण रेझर कधीही वाटू नका. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि लागण व्हायला पुरेसं रक्त डोळ्यांना दिसतही नाही. तुरटीचा खडाही ज्याचा त्याचा वेगळा ठेवा. दाढीनंतर गार पाण्याने चेहरा धुवा, ओली तुरटी हलकेच फिरवा, धुऊन टाका आणि थोडं खोबरेल किंवा साधं क्रीम लावा. कापलेल्या, सोललेल्या त्वचेला थिनर आणि कटिंग ऑइल जास्त झोंबतं.

या सगळ्याला दहाएक मिनिटं लागतात. सकाळी ती मिळत नसतील तर तयारी रात्रीच करून ठेवा: नवं पातं, ब्रश, पाण्याचा तांब्या. मग कामावर मास्क चढवलात की फिल्टर तळव्यांनी झाकून श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला आणि कडेने हवा आली नाही, तर तो नीट बसला आहे. हवा आली, तर मास्क पुन्हा बसवा, आणि तो नीट बसेपर्यंत पेंट बूथमध्ये पाऊल टाकू नका.