दिवाणखान्यांतील घुमणारी पेटी



भजनी मंडळांतील पखवाजी ज्यानें जवळून पाहिला असेल, त्याला एक दृश्य परिचयाचें असेल. भजनास आरंभ होण्यापूर्वीं तो भिजवलेल्या कणकेचा गोळा डाव्या पुडीवर थापतो, थाप मारून ऐकतो, चिमूटभर कणीक काढतो आणि पुन्हां ऐकतो. कणीक अधिक झाली तर नाद जड होऊन बसतो. उणी पडली तर तो कोरडा वाजतो. आज मी ज्या यंत्राविषयीं बोलणार आहें, तें विजेवर चालणारें आहे. परंतु तें घरांत बसवितांना मला या कणकेची आठवण पदोपदीं झाली.

या यंत्रास 'सब-वूफर' म्हणतात. हल्लीं पुष्कळ घरांतून दूरचित्रवाणीच्या जोडीला 'होम थिएटर' आलें आहे. त्यांत पांच स्पीकर आणि एक ठोकळ्यासारखी पेटी असते; दुकानदार ज्यास 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतो, त्यांतील अखेरचा 'वन' म्हणजे ही पेटी. सेकंदास सुमारें 20 पासून 120 पर्यंत कंपनें असलेला खर्जाचा नाद काढणें, एवढेंच तिचें काम. लहान स्पीकरचा पडदा तेवढी हवा हलवूं शकत नाहीं, म्हणून ही निराळी योजना.

माझे थोरले बंधु गंगाखेडास एका भजनी मंडळांत पखवाज वाजवीत. ते गेल्यावर त्यांच्या वादनाची एकुलती एक कॅसेट घरांत राहिली. मुलानें तिची एक बाजू संगणकावर उतरवून दिली. परंतु दूरचित्रवाणीच्या बारीक स्पीकरांतून उजव्या हाताची टकटक तेवढी ऐकूं येई. डावा हात जणूं नव्हताच. शेवटीं माझ्या हट्टापायीं मुलानें गेल्या दिवाळींत परभणीच्या आमच्या घरीं ही सामग्री आणली.

जागा रिकामी म्हणून पेटी कोपऱ्यांत ठेविली आणि आवाजाची कळ अर्ध्याहून अधिक फिरविली. परिणाम असा झाला कीं प्रत्येक थापेसरशी खोली घों घों करूं लागली आणि स्वयंपाकघरांतील फळीवरचीं पितळी भांडीं साथ देऊं लागलीं. पखवाज कोठेंच नव्हता. दुसऱ्या दिवशीं भिंतीपलीकडच्या वृद्ध शेजारीणबाई म्हणाल्या, "गुरुजी, रात्री काळजात धडधड व्हायली होती. मला वाटलं, आता बोलावणं आलं." मी ओशाळलों. पेटी परत करावी, असेंहि क्षणभर मनांत आलें.

कारण शोधूं गेलों तें शाळेंत शिकविलेल्या पदार्थविज्ञानांतच सांपडलें. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें 344 मीटर जातो. तेव्हां 40 कंपनांच्या नादाची एक लाट साडेआठ मीटरांहून लांब होते. आमची खोली 14 फूट, म्हणजे सुमारें सव्वाचार मीटर लांब; जवळजवळ नेमकी अर्ध्या लाटेएवढी. असा नाद समोरासमोरच्या भिंतींवर आपटून स्वतःच्याच परतलेल्या लाटेंत मिळतो. भिंतींपाशीं तो फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. पेटी कोपऱ्यांत, माझी खुर्ची मागच्या भिंतीस टेकलेली. म्हणजे फुगवट्यांत निर्माण केलेला नाद मी फुगवट्यांतच बसून ऐकत होतों. पडदे, गाद्या, लोड यांनीं उंच स्वर शोषले जातात खरे. पण साडेआठ मीटरांच्या लाटेला गादीचें काय भय?

यावर एक युक्ति आहे. ती विनोदी दिसते, पण खरी आहे. पेटी आपण बसतों त्या खुर्चीवर ठेवावी, खर्जाचें एकादें वादन लावावें आणि आपण जमिनीवर रांगत, कान पेटीच्या उंचीवर आणून, भिंतीच्या कडेकडेनें फिरावें. जेथें प्रत्येक थाप सुटी आणि सारखी ऐकूं येईल, तेथें खूण करून पेटी ठेवावी आणि आपण खुर्चीवर परतावें. देणाऱ्या-घेणाऱ्यानें जागा बदलल्या तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, हें त्यामागील तत्त्व. साठी उलटलेले आजोबा रांगतांना पाहून नातीला जो आनंद झाला, तो निराळाच. आमची जागा पुढच्या भिंतीशीं, कोपऱ्यापासून सुमारें चार फुटांवर निघाली. खुर्चीहि मीं भिंतीपासून दोन हात पुढें घेतली.

आतां कळांविषयीं. कोणत्या कंपनसंख्येखालील नाद पेटीकडे पाठवावा, हें मुख्य यंत्रांत ठरवितां येतें. 80 हा आंकडा बहुधा मानवतो. त्याहून खालचा नाद कोणत्या दिशेनें येतो हें कानास सहसा ओळखतां येत नाहीं. मुख्य यंत्र ही वांटणी करीत असेल तर पेटीवरील तशीच कळ अगदीं वरच्या टोकास नेऊन ठेवावी, नाहीं तर एकच नाद दोनदां गाळला जातो. 0 आणि 180 अशी दुसरी एक कळ असते. पेटी आणि पुढचे स्पीकर एकदम हवा ढकलतात कीं एकमेकांविरुद्ध, हें तीवर अवलंबून. आपण खुर्चीवर बसून दुसऱ्याकडून ती फिरवावी. ज्या बाजूस नाद भरीव वाटेल ती बाजू बरोबर. आवाजाची कळ शून्यापासून हळूहळू वाढवावी, आणि 'आतां पेटी वाजते आहे' असें जाणवतांच किंचित मागें यावें. पेटी कोठें आहे हें पाहुण्यास न कळणें, हीच तिच्या जुळणीची परीक्षा.

आमच्या पेटींत एक संथ गुणगुण मात्र उरली. ती घरच्या विजेची, सेकंदास 50 कंपनांची. दूरचित्रवाणीची बाहेरून येणारी केबल काढतांच ती थांबली. दोष तेथील जोडणीचा होता. कोणी सल्ला देतात कीं प्लगाची अर्थिंगची पिन तोडावी. तसें कदापि करूं नये. तो जिवाशीं खेळ आहे.

राहिल्या शेजारीणबाई. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागास दिवसा 55 आणि रात्रीं 45 डेसिबलांची मर्यादा आहे. परंतु हें माप कानाच्या धर्तीवर असल्यानें त्यांत खर्जास वजन फार कमी; 40 कंपनांचा नाद सुमारें 35 डेसिबलांनीं उणा धरला जातो. आंकडा निर्दोष आणि शेजाऱ्याची छाती धडधडते, असें म्हणूनच घडूं शकतें. पेटीखालीं रबर घातल्यानें जमिनीची थरथर कमी होते, पण हवेंतून भिंतीवर येणारा नाद थांबत नाहीं. मी रात्रीं नऊनंतर पेटी बंदच ठेवतों.

सारें जुळल्यावर एका दुपारीं कॅसेटचें भजन लाविलें. डावा हात ऐकूं आला. बंधु एका ठिकाणीं लय किंचित ओढून धरीत; ती ओढ डाव्या हाताची होती, हें मला इतक्या वर्षांनीं कळलें. शेजारीणबाई मुद्दाम येऊन बसल्या होत्या. वादन संपलें तेव्हां त्यांनीं विचारलें, "दुसरी बाजू हाय का, गुरुजी?" ती अद्याप उतरवून घ्यावयाची आहे.