नवजात हृदयाचे कॅल्शियम



१८८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर यांना आढळले, की ऊर्ध्वपातित पाण्यातील (हा शब्द मी याच शाळेत शिकलो) क्षारद्रावणात बेडकाचे हृदय थांबते. नळाच्या पाण्यातील द्रावणात ते धडधडत राहते. फरक कॅल्शियमचा होता.

प्रौढ हृदयपेशीत बाहेरून थोडेच कॅल्शियम शिरते. त्या इशाऱ्याने आतील साठे खुले होतात आणि स्नायू आकुंचन पावतो. नवजाताचे हे साठे अपरिपक्व असतात. त्याचा ठोका मुख्यत्वे बाहेरून येणाऱ्या प्रवाहावरच चालतो. व्हेरापामिल नेमका तोच प्रवाह अडवते. मोठ्यांची धडधड शमवणारे हे औषध शिरेतून दिल्यास तान्ह्याचे हृदय कोलमडू शकते. म्हणून वर्षाच्या आतील बाळाची नाडी बेफाम धावू लागली, तर आम्ही चेहऱ्यावर बर्फाची पिशवी ठेवतो किंवा अ‍ॅडेनोसिन देतो.