वनजमिनीचा वाद बांधावरच मिटवा



जंगलाच्या कडेला शेत असले की वाद ठरलेलाच. वनरक्षक म्हणतो, "जमीन वनखात्याची." आपण म्हणतो, "आज्यापासून आम्ही कसतो." आवाज चढतो, औत अडवले जाते, आणि प्रकरण चौकीवर जाते. तिथे ज्याच्यापाशी कागद, त्याचीच बाजू वरचढ. म्हणून सांगणे एवढेच: जे बोलायचे ते बांधावर, सर्वांदेखत बोला आणि लिहून घ्या.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही सोय केली आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना हक्क मागता येतो. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दावा ग्रामसभेकडे करायचा. तिने निवडलेली वनहक्क समिती जागेवर येऊन पाहणी करते.

पाहणीचा दिवस मोलाचा. समितीने वनखाते व महसूल खाते या दोघांना तारीख आधी लेखी कळवावी व पोच घ्यावी. जुनी विहीर, बांध, घराचा चौथरा, मसणवटा दाखवा. जाणत्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. एकाच पुराव्यावर विसंबू नका. अधिकाऱ्यांची हरकत असेल तर तीही कागदावर येऊ द्या. खाली त्यांची सही, हुद्दा व तारीख हवी.

अधिकारी आलेच नाहीत, आणि मागाहून "आम्ही हजर नव्हतो" म्हणून हरकत घेतली, तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. तेव्हाही ते गैरहजर राहिले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. ती पोच जपायची ती यासाठी!

शेजारच्या गावाशी शिवेचा तंटा असेल तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसावे व निष्कर्ष लेखी द्यावा. नाहीच जमले तर उपविभागीय समितीकडे जावे.

दावा फेटाळला तर कारणे लेखी मागा. ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत तुम्हाला जमिनीवरून हुसकता येत नाही. मात्र या भरवशावर नवे जंगल तोडू नका. त्याने खरा दावाही लंगडा पडतो.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यावरून वनखात्याशी वाद राहिलाच. या गावात निर्णय सर्वांच्या सहमतीने होतात, आणि एका तोंडाने बोलणाऱ्या गावाला टाळणे सोपे नसते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले.

तर मंडळी, काठी घरी ठेवा, वही बरोबर न्या. पुढच्या ग्रामसभेत पाहणीची तारीख ठरवून घ्या.