जिल्ह्याएवढा परवाना



 

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याआधी अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्यावर आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी अशा मोजक्याच संस्था होत्या. पंचाण्णव साली दार उघडले खरे, पण किलकिलेच. अडीचशे तासांना ५,००० रुपये, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, आणि फोनचे बिल वेगळे. सेवा देणारी कंपनीही एकच.

आपल्या धंद्याचा खरा जन्म नोव्हेंबर १९९८ चा. त्या वर्षीच्या धोरणाने खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. शुल्क पहिली पाच वर्षे माफ, त्यानंतर वर्षाला एक रुपया. पण मला त्या धोरणातली सर्वांत दूरदृष्टीची वाटते ती ‘क’ वर्गाची तरतूद. देशभराच्या परवान्याला दोन कोटींची बँक हमी लागे. ‘क’ वर्गाला तीन लाखांची. ‘क’ वर्गाचे क्षेत्र म्हणजे बहुतेक ठिकाणी एक जिल्हा. आपल्या जिल्ह्यापुरते काम करू पाहणाऱ्या माणसाला सरकारने प्रथमच सांगितले, की तूही ये. या सभागृहातले कितीतरी जण त्या वाटेने आले आहेत.

सगळे टिकले नाहीत. ज्या निगमाकडून बँडविड्थ विकत घ्यायची, तोच ग्राहकाच्या दारात प्रतिस्पर्धी म्हणून उभा. त्यात आणखी एक नुकसान होते. मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेला मेल अनेकदा अमेरिकेला जाऊन परत येई, आणि त्या येण्याजाण्याचे पैसे आपण डॉलरमध्ये मोजत होतो. २००३ मध्ये सरकार आणि सेवा पुरवठादारांची संघटना यांनी मिळून निक्सी ही विनिमय संस्था उभी केली, आणि देशातली वाहतूक देशातच एकमेकांना देण्याची सोय झाली. आपसात स्पर्धा करणारे लोक एका ठिकाणी तारा जोडायला तयार झाले, याचे मोल मला फार वाटते.

२००४ च्या धोरणाने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले. २०१६ मध्ये जिओ आले, मोबाईल डेटा कोसळल्यासारखा स्वस्त झाला, आणि तारेचे दिवस संपले असे भले भले बोलू लागले. मग २०२० ची टाळेबंदी आली. एकाच घरात दोन मुलांची शाळा आणि आईवडिलांचे ऑफिस सुरू झाले, तेव्हा लोकांनी शोधला तो तुमचा फोन नंबर. त्या वर्षाच्या सुरुवातीला दोन कोटींच्या आत असलेले तारेचे ब्रॉडबँड ग्राहक आज चार कोटींच्या पुढे आहेत. देशाच्या एकूण ग्राहकसंख्येत हा वाटा अजून लहान आहे, आणि म्हणूनच पुढची वाढ इथेच व्हायची आहे.

ती वाढ कोणाच्या हातून होते? पावसात फायबर तुटते. ग्राहकाकडच्या फायबर मोडेमचा, म्हणजे ओएनयूचा, लाल दिवा लागतो. आपला तंत्रज्ञ मुलगा शिडी लावून खांबावर चढतो, जॉइंट बॉक्स खाली घेतो, एका हाताने छत्री सावरणारा जोडीदार आणि मांडीवर स्प्लायसिंग मशीन. काच सोलायची, स्पिरिटने पुसायची, सरळ कापायची. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो, तो जेमतेम नऊ मायक्रॉनचा. तिथे धुळीचा एक कण बसला तरी जोड पुन्हा करावा लागतो. मीटरवर पॉवर उणे वीसच्या आसपास आली की तो खालून हाक देतो, “लाईट आली!” या कामाला कुशल कारागिराची प्रतिष्ठा आणि पगार मिळत नाही, याची मला खंत आहे. सुरक्षापट्टा आणि विमा तर मालक म्हणून आपणच द्यायचा आहे. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहू नका.

सरकारकडे माझे मागणे रस्त्याचे आहे. मार्गाधिकाराचे, म्हणजे तार नेण्यासाठी जागा वापरण्याच्या हक्काचे, केंद्रीय नियम २०१६ मध्ये आले, १ जानेवारी २०२५ पासून नवे लागू झाले. तरी खोदाईचा दर आणि परवानगीचे टेबल गावागणिक बदलते. मोठी कंपनी त्यासाठी वेगळा विभाग ठेवू शकते. जिल्ह्याचा पुरवठादार दिवसभर नगरपालिकेत बसला तर तक्रारी कोण सोडवणार? भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना झाली. पंचायतीपासून वाडीपर्यंतची तार त्याच गावाच्या आसपासचा माणूसच टिकवू शकतो, असे माझे ठाम मत आहे. एक रुपयाचा काळ गेला, शुल्क महसुलाच्या टक्क्यांत आले. निदान लहान पुरवठादाराला त्यातून सूट मिळावी. नवा रस्ता बांधतानाच त्याखाली सर्वांसाठी एक डक्ट टाकावा, म्हणजे तोच रस्ता पुन्हा पुन्हा उकरावा लागणार नाही.

डक्टचा आणि शुल्कसवलतीचा ठराव दुपारच्या सत्रात मी स्वतः मांडणार आहे. तंत्रज्ञांच्या विम्याचा ठराव मात्र तंत्रज्ञांपैकीच कोणी मांडावा, अशी माझी विनंती आहे. जेवणाच्या सुट्टीत नाव द्या.